भाडेकरूचे स्वातंत्र्य : टोकियोतील छोटी कलादालने आणि जपानी कलावंतांची एकल प्रदर्शने

आधुनिक कलेचा इतिहास आपण सहसा संग्रहालयांच्या आधाराने वाचतो. जे संग्रहालयात पोहोचले ते इतिहासात आले, आणि जे पोहोचले नाही ते फार तर तळटीपेत, असा एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. जपानच्या युद्धोत्तर कलेकडे वळले की हा नियम अपुरा पडतो. १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत ज्या कलाकृतींनी तिथल्या कलाविचाराला नवे वळण दिले, त्यांपैकी कित्येक कोणत्याही संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या नव्हत्या. टोकियोच्या गिन्झा, कांदा, शिम्बाशी आणि शिंजुकू या भागांतल्या लहान दालनांत त्या मांडल्या गेल्या, आणि आठवडा संपताच त्यांतल्या अनेक मोडून टाकल्या गेल्या. प्रस्तुत लेखात आम्हाला या दालनांचा आणि त्यांत भरलेल्या एकल प्रदर्शनांचा विचार करायचा आहे. या खोल्यांनी कलावंताला जे स्वातंत्र्य दिले त्याची किंमत कोणी मोजली, आणि जे उरलेच नाही त्याचा इतिहास कसा लिहायचा, हे आमच्यापुढचे दोन प्रश्न आहेत.

एकल प्रदर्शनाला जपानी भाषेत 'कोतेन' म्हणतात. आज हा शब्द अगदी साधा वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात बंडाचा एक अंश होता. १९०७ साली जपानच्या शिक्षण खात्याने पॅरिसच्या 'सालाँ'च्या धर्तीवर 'बुनतेन' हे वार्षिक प्रदर्शन सुरू केले. चित्रकाराने आपले काम परीक्षक मंडळापुढे ठेवायचे, निवड झाली तर शेकडो चित्रांच्या गर्दीत एक जागा मिळवायची, आणि वर्षानुवर्षे पायरीपायरीने वर चढत स्वतः परीक्षक व्हायचे, असा हा मार्ग होता. याला कंटाळून काही चित्रकारांनी १९१४ मध्ये 'निका' हा वेगळा संघ काढला. पण काही काळाने संघाचीही एक उतरंड झालीच. अशा व्यवस्थेत एकट्याने, कोणाच्याही शिक्क्यावाचून, स्वतःचे काम लोकांपुढे ठेवणे म्हणजे आपल्यावर निवाडा करण्याचा परीक्षकांचा अधिकार नाकारणे होते.

त्यासाठी जागा हवी होती. पॅरिसहून परतलेल्या कोतारो ताकामुरा या शिल्पकार-कवीने १९१० मध्ये कांदा भागात 'रोकानदो' नावाचे छोटे दालन उघडले. आधुनिक कलेसाठी काढलेले जपानमधले पहिले दालन म्हणून त्याचा उल्लेख होतो. व्यवहार मात्र जमला नाही, आणि सुमारे वर्षभरातच ताकामुराला ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागले. कवीने दुकान काढावे आणि ते चालू नये, यात नवल ते काय! १९१९ साली शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने गिन्झात आपले दालन सुरू केले; त्याच्या पाठीशी भक्कम व्यवसाय होता, म्हणून ते टिकले. खोलीचे भाडे कोण भरतो, हा या इतिहासातला मूळ प्रश्न अशा रीतीने पहिल्या दहा वर्षांतच पुढे आलेला दिसतो.

युद्धानंतर टोकियोत दोन तऱ्हेची दालने उभी राहिली. पहिली 'किकाकु गारो', म्हणजे दालनाच्या मालकाने कलावंत निवडायचा, प्रदर्शनाचा खर्च सोसायचा आणि विक्रीतून आपला वाटा घ्यायचा. १९५० मध्ये गिन्झात सुरू झालेली टोकियो गॅलरी आणि १९५६ मधली मिनामी गॅलरी ही याची ठळक उदाहरणे. दुसरी 'काशी गारो', म्हणजे भाड्याचे दालन. इथे कलावंताने आठवड्याचे भाडे आगाऊ भरायचे, निमंत्रणपत्रिका स्वतः छापायच्या, कलाकृती स्वतः आणायच्या, मांडायच्या आणि मुदत संपली की खोली झाडून परत करायची. मुदत सामान्यतः सोमवार ते शनिवार, म्हणजे सहा दिवसांची. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आठवड्याच्या हिशेबाने दालन आरक्षित करण्याची रीत मराठी रसिकाला ठाऊक आहेच. परंतु जहांगीर ही शहरातली मानाची वास्तू. टोकियोत मात्र अशा खोल्या कार्यालयांच्या नि दुकानांच्या दाटीत विखुरलेल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना मान असा काही नव्हता. त्यांची तुलना करायचीच तर ती आपल्याकडच्या साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांशी करावी. पदरमोड करून काढायचे, मोजक्या लोकांपर्यंत पोहोचवायचे, आणि त्याच मोजक्या लोकांतून पुढे वाङ्मयाचा प्रवाह बदलायचा, ही जातकुळी एकच.

भाड्याच्या व्यवस्थेकडे वळण्यापूर्वी तिला असलेला एक अपवाद पाहिला पाहिजे. कांदा भागात ताकेमिया नावाचे चित्रसाहित्याचे दुकान होते. त्याला लागूनच्या जागेत जून १९५१ मध्ये एक दालन सुरू झाले, आणि तिथे काय मांडायचे हे ठरवण्याचे काम शुझो ताकिगुची या कवी-समीक्षकाकडे आले. ताकिगुची हा जपानी अतिवास्तववादाचा अध्वर्यू. आंद्रे ब्रेताँच्या चित्रकलाविषयक ग्रंथाचा त्याने १९३० साली जपानीत अनुवाद केला होता. आणि याच विचारांपायी १९४१ मध्ये विशेष पोलिसांनी त्याला पकडून कित्येक महिने कोठडीत ठेवले होते. अशा माणसाने दालन हाती घेतले ते एका साध्या तत्त्वावर : निवड आपण करायची, आणि कलावंताकडून भाडे घ्यायचे नाही. एप्रिल १९५७ मध्ये दालन बंद पडेपर्यंत तिथे २०८ प्रदर्शने झाली, म्हणजे महिन्याला सरासरी तीन. संगीतकार, चित्रकार आणि प्रकाशयोजनाकार यांना एकत्र आणणाऱ्या 'जिक्केन कोबो' या गटाला हे नाव ताकिगुचीनेच दिले होते. त्या गटाचेही एक प्रदर्शन १९५२ मध्ये इथे झाले.

याच दालनात १९५५ मध्ये यायोई कुसामा या पंचविशीतल्या तरुणीचे एकल प्रदर्शन झाले. मात्सुमोतो या डोंगराळ भागातल्या गावात १९५२ साली एकाच वर्षी दोन एकल प्रदर्शने भरवून ती टोकियोत आली होती. तिला ना कोणत्या संघाचे पाठबळ होते, ना घरच्यांचे मनापासून प्रोत्साहन. ताकिगुचीने तिच्या कामातली ताकद ओळखली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातील आंतरराष्ट्रीय जलरंग प्रदर्शनासाठी तिची शिफारस केली. १९५७ मध्ये कुसामाने जपान सोडले. ऑक्टोबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कला तिचे पहिले एकल प्रदर्शन झाले, तेही 'ब्राता' या कलावंतांनीच सहकारी तत्त्वावर चालवलेल्या लहानशा दालनात. तिथे तिने पांढऱ्या जाळ्यांची पाच भलीमोठी चित्रे मांडली. आज तिच्या प्रदर्शनांसाठी जगभर रांगा लागतात. त्या रांगांचे एक टोक चित्रसाहित्याच्या दुकानालगतच्या बिनभाड्याच्या खोलीपर्यंत जाते, हे विसरता कामा नये.

ताकेमिया सहा वर्षांत मिटले. मग उरली ती भाड्याची दालने, आणि सार्वजनिक पातळीवर एक मोकळे मैदान : योमिउरी वृत्तपत्राने १९४९ पासून उएनो येथील टोकियो महानगर कला संग्रहालयात भरवलेले 'योमिउरी इंडिपेंडंट' हे विनापरीक्षक वार्षिक प्रदर्शन. शुल्क भरा आणि काय हवे ते मांडा. साठच्या सुमारास तरुणांनी या मुभेचा इतका मनसोक्त वापर केला की संग्रहालय हादरले. डिसेंबर १९६२ मध्ये संग्रहालयाने नियमावली काढली. मोठा किंवा त्रासदायक आवाज करणाऱ्या, दुर्गंधी येणाऱ्या वा नासणाऱ्या पदार्थांच्या, धारदार पात्यांच्या, छतापासून थेट टांगलेल्या, तसेच वाळू-खडी वापरून जमीन खराब करणाऱ्या कलाकृतींना तिने मनाई केली. १९६३ चे पंधरावे प्रदर्शन अखेरचे ठरले. १९६४ च्या आरंभी ते कायमचे बंद झाल्याची घोषणा झाली. या नियमावलीतली वाळू-खडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

मैदान बंद झाल्यावर सगळा जोर खोल्यांकडे वळला. शिम्बाशीतील 'नाइका' हे दालन १९६३ ते १९६७ या काळात चालले. जागा दवाखान्याची होती, आणि 'नाइका' याचा जपानी अर्थही 'अंतर्गत रोगचिकित्सा' असाच. नाव बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही. 'हाय रेड सेंटर' या त्रिकुटाने १९६४ मध्ये इथे भरवलेले प्रदर्शन प्रसिद्ध आहे. (ताकामात्सु, आकासेगावा आणि नाकानिशी या आडनावांतील पहिल्या अक्षरांचे अर्थ 'उंच', 'लाल' आणि 'मध्य' असे होतात, त्यावरून हे नाव.) त्यांनी दालन फळ्या ठोकून बंद केले आणि शेवटच्या दिवशी उघडले. प्रदर्शनाचे दिवस बंद दारामागे सरले. भाडे भरले आहे, तेव्हा खोली उघडायची की नाही हेही आम्हीच ठरवू, असा हा युक्तिवाद. भाडेकरूचे स्वातंत्र्य याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी मांडले असेल.

या त्रिकुटातल्या गेनपेई आकासेगावाला मात्र या स्वातंत्र्याची सीमाही कळून चुकली. फेब्रुवारी १९६३ मध्ये शिंजुकू दाइइची गॅलरीत त्याचे एकल प्रदर्शन होते. त्याच्या निमंत्रणपत्रिकेसाठी त्याने हजार येनच्या नोटेची एक बाजू एकरंगी छापून घेतली, मागच्या कोऱ्या बाजूवर प्रदर्शनाचा तपशील छापला आणि रोख रक्कम पाठवण्याच्या टपाली पाकिटातून पत्रिका धाडल्या. ही नोट घेऊन कोणी बाजारात जाणे शक्यच नव्हते. तरीही चौकशी सुरू झाली, १९६५ मध्ये चलनसदृश वस्तू छापण्याविरुद्धच्या १८९५ च्या कायद्याखाली आरोप दाखल झाला, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयात खटला उभा राहिला. बचावासाठी समीक्षक पुढे आले. त्यांत ताकिगुचीही होता. पुरावा म्हणून कलाकृती न्यायालयात मांडल्या गेल्या, आणि ज्या कामाला संग्रहालयाचे दार बंद झाले होते त्याला न्यायासनापुढे जागा मिळाली. जून १९६७ मध्ये आकासेगावाला तीन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खोलीच्या आत काहीही मांडण्याची मुभा होती. पत्रिका टपालात पडली की राज्यसंस्था सुरू होत होती. आज त्या प्रदर्शनापेक्षा त्याची पत्रिकाच अधिक प्रसिद्ध आहे.

आता त्या वाळू-खडीकडे वळू. ऑक्टोबर १९६८ मध्ये कोबे शहरातील सुमा रिक्यू उद्यानात नोबुओ सेकिने याने जमिनीत २.७ मीटर खोल आणि २.२ मीटर व्यासाचा खड्डा खणला, आणि निघालेल्या मातीचा त्याच मापाचा दंडगोल शेजारी उभा केला. प्रदर्शन संपताच माती पुन्हा खड्ड्यात गेली. या कृतीपासून ज्या प्रवाहाचा आरंभ मानतात त्याला पुढे 'मोनो-हा' हे नाव पडले. 'मोनो' म्हणजे वस्तू, आणि 'हा' म्हणजे संप्रदाय. दगड, माती, लाकूड, काच, कापूस, लोखंडी पत्रा यांना फारसा आकार न देता एकमेकांच्या सान्निध्यात ठेवायचे आणि त्यांच्यातले नाते पाहणाऱ्याला जाणवू द्यायचे, ही त्याची सर्वसाधारण रीत. कोरियातून १९५६ मध्ये जपानला आलेल्या आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या ली उफान याने या प्रवाहाला वैचारिक बैठक दिली.

हे सारे प्रत्यक्षात घडले ते छोट्या दालनांत. ली उफानचे एकल प्रदर्शन १९६७ मध्ये सातो गॅलरीत झाले होते. १९६८ मध्ये किशिओ सुगाचे पहिले एकल प्रदर्शन त्सुबाकी किंदाई गॅलरीत झाले. पुढच्याच वर्षी तामुरा गॅलरीत त्याने मेणाच्या जाड लाद्या एकावर एक रचून 'समांतर स्तर' या अर्थाच्या नावाची कृती उभी केली. १९६९ मध्येच सेकिनेने टोकियो गॅलरीत तेलमातीचे ओबडधोबड ढीग जमिनीवर ठेवले. सात वर्षांपूर्वी सार्वजनिक संग्रहालयाने जमीन खराब करणाऱ्या पदार्थांना मनाई केली होती. त्याच जातीचे पदार्थ आता खासगी दालनाच्या फरशीवर थेट येऊन बसले होते आणि तिथून जपानी कलेची दिशा ठरवत होते.

मोनो-हाकडे झेन आणि 'पौर्वात्य शून्यता' यांच्या चष्म्यातून पाहण्याची सवय पाश्चात्त्य समीक्षेला फार आहे, आणि आपणही ती पुष्कळदा उसनी घेतो. ली उफानचे वैचारिक लेखन पाहता या वाचनाला काही आधार आहे, हे आम्ही नाकारत नाही. तथापि केवळ तत्त्वज्ञानावर थांबले की सहा दिवसांचे भाडे नजरेआड होते. पंचविशीतल्या कलावंताला एक खोली आठवड्यापुरती मिळते. तिथे काही विकले जाईल अशी फारशी आशा नाही. शनिवारी खोली रिकामी करायची आहे आणि भलीमोठी कलाकृती साठवायला घरी जागा नाही. अशा वेळी तो असा पदार्थ निवडतो, जो खोलीत आणता येईल, मांडता येईल आणि पुन्हा पदार्थ म्हणून परत नेता येईल. क्षणभंगुरता हे या कलेचे तत्त्व होते, तशीच ती दालनाच्या भाडेकराराची अटही होती. दोहोंपैकी आधी कोणते आले, हे सांगणे सोपे नाही. पण दुसरे वगळून पहिले समजणार नाही, असे आमचे मत आहे.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा मोह आवरायला हवा. भाड्याच्या दालनाला निवडीचे ओझे नव्हते, म्हणून तिथे धाडसाला वाव मिळाला, हे खरे. पण ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते त्याच्यासाठी ते दार संग्रहालयाच्या दाराइतकेच बंद होते. परीक्षकाची चाळणी गेली आणि खिशाची आली. शिवाय दालन चालवणाऱ्याला भाडे आधीच मिळालेले असल्याने कलाकृती विकण्याची, जपण्याची वा कलावंताला पुढे नेण्याची निकड त्याला नसे. सगळी जोखीम एकाच्याच अंगावर येई. ताकेमियाचा अपवाद आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. एक समजदार माणूस आणि एक बिनभाड्याची खोली एवढ्यावर काय घडू शकते हे त्याने दाखवले, आणि तेवढेही फार काळ टिकत नाही हेही.

मग या प्रदर्शनांचे उरले काय? पत्रिका उरल्या, मासिकांतली त्रोटक परीक्षणे उरली आणि छायाचित्रे उरली. शिगेओ आन्झाई हा मुळात चित्रकार. १९७० च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला आणि दालनोदालनी फिरून मित्रांची प्रदर्शने टिपायला सुरुवात केली. हे काम त्याने पुढे अनेक दशके चालू ठेवले. २००७ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कला केंद्रात त्याच्या या संग्रहाचे मोठे प्रदर्शन झाले. २०२० साली तो निवर्तला. आज सत्तरच्या दशकातील जपानी कलेविषयी जे लिहिले जाते त्यातले पुष्कळसे त्याच्या कृष्णधवल चित्रांवर उभे आहे. परंतु छायाचित्रात मेणाचा वास येत नाही, तेलमातीचे वजन कळत नाही, आणि अरुंद खोलीत दगडाशेजारून अंग चोरून जाताना पाहणाऱ्याच्या शरीराला काय वाटले, तेही कळत नाही. ज्या कलेचा सारा भर समोर असण्यावर, तिचा पुरावा अनुपस्थितीतून वाचावा लागतो, ही या इतिहासाची खरी अडचण आहे.

अलीकडे या अडचणीवर पुनर्निर्मितीचा उपाय निघाला आहे. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ब्लम अँड पो गॅलरीत मोनो-हाचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा कित्येक कृती नव्याने रचाव्या लागल्या. त्यानंतर पाश्चात्त्य संग्रहालयांचा आणि बाजाराचा या प्रवाहातला रस वाढला. वार्धक्याकडे झुकलेल्या कलावंतांना चाळीस वर्षांनी मान मिळाला, याचा आनंदच आहे. पण १९६९ च्या खोलीत जे सहा दिवसांसाठी होते, ते आता कायमचे, विमा उतरवलेले आणि विकत घेता येणारे झाले. त्याला तीच कलाकृती म्हणावे काय? नाटकाच्या संहितेचा नवा प्रयोग होतो त्याप्रमाणे या कृतीचाही नवा प्रयोग झाला, असे मानणे आम्हाला अधिक योग्य वाटते. मात्र प्रयोगाची तारीख जशी आपण लिहून ठेवतो, तशी इथेही लिहिली गेली पाहिजे.

भाड्याच्या खोलीपलीकडची एक वाट ऐंशीच्या दशकात काझुको कोइके यांनी दाखवली. धान्यबाजारासाठी १९२७ मध्ये बांधलेल्या एका जुन्या इमारतीत त्यांनी १९८३ साली 'सागाचो एक्झिबिट स्पेस' सुरू केली. ती २००० पर्यंत चालली. १९९१ मध्ये तिथे रेई नाइतो हिचे एकल प्रदर्शन झाले. कापडाच्या तंबूसारख्या रचनेत अतिशय नाजूक वस्तू मांडलेल्या होत्या, आणि आत एका वेळी एकाच प्रेक्षकाला प्रवेश होता. सहा वर्षांनी हीच कृती व्हेनिस बिएनालेच्या जपानी दालनात गेली. एका कलावंताचे प्रदर्शन आणि एकच प्रेक्षक! 'कोतेन' या शब्दातले एकटेपण इथे पाहणाऱ्याच्याही वाट्याला आले. १९९३ मध्ये यानाका भागातल्या दोनशे वर्षांची परंपरा असलेल्या सार्वजनिक स्नानगृहाचेही असेच कलादालन झाले. जुन्या शहराने सोडलेल्या जागा नव्या कलेने वसवल्या. पण इमारत दुसऱ्याची असली की मुदतही दुसऱ्याच्या हाती राहते. सागाचोची ती इमारत पुढे पाडली गेली.

या साऱ्याचा सारांश एवढाच की युद्धोत्तर जपानमध्ये कलेचे स्वातंत्र्य ही मोठ्या प्रमाणात भाड्याने घेतलेली वस्तू होती. राज्याने ते दिले नाही, वृत्तपत्राने दिले आणि काढून घेतले, बाजाराने ते बऱ्याच उशिरा ओळखले. मधल्या काळात तरुण कलावंतांनी आठवड्याच्या हिशेबाने ते विकत घेतले आणि मुदत संपताच खोलीची किल्ली परत केली. म्हणूनच या कालखंडाचा इतिहास लिहिणाऱ्याने कलाकृतींच्या यादीबरोबरच दालनांची यादीही करावी, आणि प्रत्येक नावापुढे भाडे कोणी भरले होते, तेही नोंदवावे.